म्हस्के मॅडम

अंबड रोडला शेजारी शेजारी दोन लॉन्स आहेत. त्या दिवशी दोन्हीकडं लग्न होतं आणि दोन्ही घरांचं आडनाव एकच. पाहुणे गाडीतून उतरायचे, कमानीवरचं आडनाव वाचायचे आणि सरळ आत जाऊन आहेर करून मोकळे व्हायचे. जेवायला बसल्यावर कळायचं की नवरदेव आपला नव्हे.

संध्या म्हस्के त्यातल्या एका कमानीखाली कंपनीनं दिलेली जांभळी पैठणी नेसून गुलाबपाणी शिंपडत उभी होती. संभाजीनगरला इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेल्या मुलीला जालन्यात मिळालेलं हे पहिलं काम. कोर्समध्ये क्लायंट, थीम, करिअर असे शब्द रोज कानावर पडत. इथं दिवसभर हसत उभं राहायचं, एवढंच. गोंधळ वाढायला लागला तशी तिनं गुलाबदाणी टेबलावर ठेवली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला गाव विचारायला लागली. गावावरून हा मांडव की तो, हे ठरवून ती गाड्या वळवत राहिली. हळूहळू दोन्हीकडच्या पंगती ताळ्यावर आल्या.

कल्याणभाऊ लांबून हे बघत होते. ते मूळचे मांडववाले. पुढं डेकोरेशन, केटरिंग, घोडा, बँड असं एकेक काम त्यांनी स्वतःकडं घेतलं आणि जालन्यातल्या मस्तगडात भांड्यांच्या दुकानाच्या वर ऑफिस थाटून पाटीवर 'इव्हेंट प्लॅनर' असं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याला तिथं बोलावलं.

"यातलंच शिक्षण झालंय म्हणे तुझं?"

"हो. संभाजीनगरला."

"मंग गुलाबपाणी काहून शिंपडून राह्यलीस?"

"दुसरं काही मिळालं नाही."

ते हसले. घर कुठं, वडील काय करतात, असं विचारत गेले. संध्यानं वस्तीचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचे प्रश्न संपले. टेबलावरचा स्टेपलर इकडचा तिकडं करत म्हणाले, "आडनाव म्हस्के. बरंय. म्हस्के आमच्यातबी हायेत. कुणी विचारलं न्हाई तर आपण सांगायची काय गरज?"

"आणि विचारलं तर?"

"कामाचं बोलायचं. खोटं बोल म्हणून न्हाई सांगून राह्यलो मी. लग्नाचं घर असतंय, म्हातारी माणसं असतेत. आपल्याला धंदा करायचाय."

संध्याला ते आवडलं नाही. पण जालन्यात दुसऱ्या कुणी तिला खुर्चीवर बसवून एवढं बोललंही नव्हतं. तिनं होकार दिला.

तिचे वडील देवानंद जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले होते. मुलीनं तलाठ्याची, नाही तर बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांचं म्हणणं. नोकरीची बातमी त्यांना पटली नाही.

"लोकांच्या घरात शिरायचं काम हाय हे," ते म्हणाले. "पार आतल्या खोलीपर्यंत."

"आता तसं राहिलं नाही, पप्पा."

"सरकारी नोकरीतबी लोक आडनाव बघतेतच. पण तिथं उचलून बाहेर काढता येत न्हाई."

संध्या वाद न घालता कामाला लागली, आणि काम तिच्या हाताला बसलं. कल्याणभाऊंचा खाक्या ठरलेला होता. प्लास्टिकची फुलं, चकाकणारे पडदे, दोन सिंहासनं. संध्या आधी घरी जायची. म्हातारी माणसं कुठं बसणार, बायकांना साडी बदलायला खोली आहे का, दुपारच्या लग्नात स्टेजवर ऊन कोणत्या बाजूनं येतं, हे ती बघायची आणि मग फुलांवर यायची. लोकांना ते पटायचं. 'म्हस्के मॅडमलाच पाठवा' असे फोन यायला लागले. जेवणाचा आग्रह व्हायचा. कुणी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "बिलकुल आपल्यातली वाटती पोरगी." संध्या त्यावर स्टेजच्या लांबीरुंदीचं बोलायला लागायची. घरी जाताना मात्र ते वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहायचं. आपण कुणाला फसवत नाही, असं ती स्वतःला सांगायची. ते रोज सांगावं लागत होतं.

नंतर कल्याणभाऊंनी तिच्या हाताखाली अर्पिताला घेतलं. अर्पिता हसनाबादची, शेतकऱ्याच्या घरातली, जालन्यात मैत्रिणींसोबत खोली करून राहणारी. आचाऱ्याशी बोलतानाही तिचा आवाज थरथरायचा. संध्यानं तिला सगळं शिकवलं. फुलवाल्याला माल कधी सांगायचा, बँडवाल्याला कुठं थांबवायचं, नवरीची आई रडायला लागली की तिच्याशी काय बोलायचं. अर्पिता तिला ताई म्हणायची आणि डब्यातली ज्वारीची भाकरी अर्धी तिच्यापुढं ठेवायची.

अंकुशनगरजवळच्या रामरावांच्या मुलीचं लग्न आलं तेव्हा कंपनीला एवढं मोठं काम आजवर मिळालं नव्हतं. रामरावांचा मोठा ऊस, मोठा गोतावळा. लग्न लॉन्सवर, पण हळद घरच्या अंगणात करायची होती. पहिल्याच भेटीत संध्यानं त्यांच्या आईला, गिरिजाबाईंना विचारलं, "आजी, घरात जुनं पितळ आहे का? घंगाळं, पराती, समया? भाड्याचं आणण्यापेक्षा तुमचंच मांडू."

गिरिजाबाईंना एवढं बरं वाटलं की त्यांनी तिचा हात धरून तिला थेट देवघरात नेलं. माळ्यावरची भांडी उतरवली गेली. त्या प्रत्येक भांड्याचं सांगत बसल्या. हे माझ्या सासूचं, हे माझ्या आईनं दिलेलं. संध्या दर दोन दिवसांनी जायला लागली. हळदीला अंगणातल्या लिंबाखाली पितळ आणि झेंडू, बाकी काही नाही, असं ठरलं. लॉन्सवरच्या स्टेजला उसाच्या पाचटाची कमान करायची कल्पनाही तिचीच. रामराव आधी हसले, मग चित्र बघून म्हणाले, "हे झकास हाय. आमचंच हाय की हे." रस्त्याची अडचण होती. साखर कारखान्याचं गाळप जोरात होतं आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की लॉन्सकडं गाडी निघायची नाही. तिनं वाटेवरच्या शाळेत जाऊन गाड्या लावायला मैदान मागून ठेवलं.

चौथ्या की पाचव्या भेटीत ती देवघरासमोर बसून चिंचेनं घासलेली मोठी समई कोरडी करत होती. अर्पिता बाहेर अंगणात टेप धरून मापं घेत होती. रामरावांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी, चहा ठेवला होता. गिरिजाबाई संध्याशेजारी येऊन टेकल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"पोरी, एक इचारू का? माझ्या भावाचा नातू हाय. पुण्याला इंजिनिअर. त्याला कामधंदा करणारी, चटपटीत पोरगी पाहिजे. मला तर तू पसंत हायस." त्या हसल्या. "तुम्ही म्हस्के कोणत्या गावचे? मामकूळ कोणतं तुझं?"

असं विचारलं की टाळायचं कसं, हे संध्याला आता येत होतं. पप्पांना विचारून सांगते, म्हणायचं आणि फुलांचा विषय काढायचा. पण बाई उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात माया होती. हिला फसवायचं म्हणजे खरंच फसवणं होईल, असं संध्याला वाटलं.

"आजी, आम्ही बौद्ध आहोत."

"काय?"

"बौद्ध. जयभीमवाले."

गिरिजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पदर सारखा करायला जो हात काढून घेतला तो परत ठेवला नाही. मग गुडघ्यावर जोर देऊन त्या उठल्या. दारात दैवशालाबाई उभ्या होत्या.

"द्या ती समई इकडं," त्या म्हणाल्या. "मी पुसून ठेवते."

"पुसलीये मी, काकू."

"असू द्या. परत पुसते."

त्यांचा आवाज वाईट नव्हता. उलट आजवर अगं-तुगं करणाऱ्या बाई एकदम अहो-जाहोवर आल्या होत्या. संध्यानं समई खाली फरशीवर ठेवली. त्यांनी ती तिच्यासमोर उचलली नाही. ठेवलेला चहा बाहेर आलाच नाही. थोड्या वेळानं संध्या पर्स घेऊन गाडीत जाऊन बसली.

परतीच्या रस्त्याला मळीचा वास गाडीत भरून राहिला होता. अर्पितानं काच वर केली.

"ताई, सांगायचं कशाला?" ती हळूच म्हणाली.

संध्यानं तिच्याकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"ऑफिसात सगळ्यांलाच माहीत हाय."

संध्याला हसू आलं, कडवट. एवढे दिवस ती जे जपत होती ते सगळ्यांनी मिळून जपलं होतं, फक्त तिला कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणभाऊंनी तिला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"रामरावांचा फोन आल्ता. चांगलं बोलले. तुझ्या कामाची बिलकुल तक्रार न्हाई म्हणले."

"मग?"

"घरात येणारं माणूस तेवढं दुसरं पाठवा म्हणले. म्हातारीच्या मनाचं हाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?" कल्याणभाऊ खरंच गोंधळल्यासारखे दिसत होते. "तरी मी तुला आधीच बोल्लो होतो. हे बघ, प्लॅन तुझाच राहील. तू इथं बसून सांगायचं, अर्पिता तिथं उभी राहील."

"आणि पुढच्या लग्नाला?"

"तुझ्यासाठी मी डोक्यात वेगळंच धरलंय. जयंतीचे कार्यक्रम, सरकारी उद्घाटनं, कंपन्यांचे मेळावे. त्याचा वेगळा विभाग काढू. त्याची हेड तू. करिअर करिअर म्हणता ना तुम्ही, ते हेच."

"अशी किती कामं आहेत आपल्याकडं?"

"येतील की. वाढवू."

तो विभाग कुठं बसणार, त्यात आणखी कोण असणार, असं तिनं काही विचारलं नाही. तिनं टेबलावर ऑफिसच्या कपाटाची किल्ली ठेवली. कल्याणभाऊ म्हणाले, "रागात कशाला?" ती जिना उतरली. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी रुखवतासाठी कळशा वाजवून बघत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अर्पिताचा फोन आला. ती रडत होती. ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि वऱ्हाडाच्या बसेस मधेच अडकल्या होत्या. भाऊ फोन उचलत नव्हते. संध्याच्या मनात आलं, फोन ठेवून द्यावा. रामराव रस्त्यात उभे राहून आरडाओरडा करतायत आणि म्हातारी माणसं बसमध्ये उकडून निघतायत, हे तिला दिसायला लागलं. पहिल्या चित्रानं तिला बरं वाटलं. दुसऱ्यानं वाटेना.

"वळणावर शाळा आहे," ती म्हणाली. "मैदानाचं मी बोलून ठेवलंय, शिपायाकडं किल्ली आहे. बसेस तिथं लावा. म्हाताऱ्यांना मागच्या गाडीरस्त्यानं जीपनं न्या. तो रस्ता मोकळा असतो."

"ताई, तुम्ही होत्या म्हणून..."

संध्यानं फोन ठेवला. देवानंद पेपर बाजूला करून बघत होते.

"कोण होतं?"

"ऑफिस."

"अजून ऑफिसच म्हणतीस?"

लग्न झकास झालं. त्याचे फोटो आणि व्हिडिओ कंपनीच्या इन्स्टाग्रामवर आले. उसाच्या पाचटाची कमान, लिंबाखालचं पितळ, झेंडू. खाली लिहिलं होतं, 'संकल्पना: टीम अर्पिता'. हजारो लोकांनी ते बघितलं. संध्यानंही बघितलं. समई मधोमध होती.

तिनं संभाजीनगरच्या कंपन्यांकडं अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली. तिथल्या मॅनेजर बाईंना तिचं बोलणं आवडलं. कळवते म्हणाल्या आणि कळवलं ते असं, "तुमच्या आधीच्या सरांना फोन केला होता. मुलगी हुशार आहे, पण क्लायंटच्या घरी तिचं जमत नाही, असं म्हणाले. आमचं सगळं काम घरगुतीच आहे हो."

संध्यानं कल्याणभाऊंना फोन लावला.

"भाऊ, असं का सांगितलं?"

"खोटं सांगितलं का मी?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. "जमलं का तुझं?"

दुसऱ्या एका कंपनीनं तिची उंची विचारली आणि उभ्यानं काढलेला फोटो मागितला. पाहुण्यांच्या स्वागताला मुली हव्या होत्या. तिनं फोटो पाठवला नाही.

मध्ये तिनं आपल्याच वस्तीत काम मिळवायचं ठरवलं. धम्मपाल शेजारचाच, वीज कंपनीत इंजिनिअर. त्याच्या बहिणीचं, शिवकन्याचं लग्न ठरलं होतं. संध्या आपण होऊन त्यांच्या घरी गेली. धम्मपालनं मोबाइल काढून तिला फोटो दाखवला. "आम्हाला हे असं पाहिजे. अंकुशनगरला झाल्तं."

"हे मीच केलंय."

तो अवघडून हसला. "पण नाव तर त्या अर्पिता मॅडमचं हाय ना. आम्ही कल्याणभाऊंकडं बुकिंग करून आलोत. मोठी पार्टी हाय, काही कमीजास्त झालं तर निस्तरतील." मग तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "तू येच लग्नाला. घरचंच हाय."

ती गेली नाही. देवानंद आणि आई जाऊन आले. पाचटाची कमान होती, असं आईनं सांगितलं, आणि वडिलांनी आईकडं बघितल्यावर ती गप्प झाली.

वर्ष सरता सरता संध्याला एका बियाणं कंपनीच्या ठेकेदाराकडं काम मिळालं. गावोगाव शेतकरी मेळावे घ्यायचे. बॅनर, खुर्च्या, माइक, पाण्याचे जार, साहेबांसाठी नारळ आणि शाल. शाळेच्या पटांगणात मांडव टाकायचा आणि संध्याकाळी उचलायचा. मांडव कसाही असला तरी त्याकडं बघायला कुणाला सवड नसायची. ती पहिल्या पहिल्यांदा खुर्च्यांच्या रांगा तिरप्या लावून बघायची, म्हणजे मागच्यांनाही पुढं मांडलेलं नमुन्याचं पीक दिसावं. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, जागा जास्त लागून राह्यली. सरळ लावा." तेव्हापासून ती सरळ लावायची.

अर्पिता एकदा तिला भेटायला गोडाऊनवर आली. अंगावर चांगले कपडे होते, आवाज आता थरथरत नव्हता. येताना मिठाईचा बॉक्स आणला होता.

"ताई, मला पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय. मोठी कंपनी हाय. अंकुशनगरचं काम बघून बोलावलं." ती थांबली. "ते इचारणार, ही कल्पना सुचली कशी. पितळाचं, पाचटाचं. मी काय सांगू?"

"दुसऱ्या कुणाची होती म्हणून सांग."

"असं कसं सांगता येईल, ताई? मंग मला कशाला घेतील?"

संध्या जारांची झाकणं घट्ट करत होती.

"ताई, माझं काय चुकलं सांगा. मी तर काहीच केलं न्हाई."

"हो," संध्या म्हणाली. "तू काहीच केलं न्हाईस."

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याला त्याची दया आली नाही, आणि दया आली नाही याचंही विशेष वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं. तिनं मिठाईचा बॉक्स हमालांना देऊन टाकला. तो अर्पितासमोरच उघडला गेला.

अर्पिताला ती नोकरी मिळाली. पुण्याच्या ऑफिसातले तिचे फोटो स्टेटसला यायला लागले, तेव्हा संध्यानं ते दिसेनासे करून टाकले. कल्याणभाऊंनी अर्पिताच्या जागी नवीन मुलगी घेतली. हे संध्याला कळलं ते त्या मुलीच्याच फोनवरून.

"म्हस्के मॅडम ना?" आवाज घाबरलेला होता. "भाऊ म्हणले, अडलं तर तुम्हाला इचार. तुम्ही सांगता म्हणले. हळदीचा मांडव घराच्या कोणत्या बाजूला..."

"राँग नंबर," संध्या म्हणाली.

"म्हस्के मॅडमच ना?"

"न्हाई."

तिनं तो नंबर ब्लॉक केला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. गाडीत खुर्च्या भरून झाल्या होत्या. भोकरदनकडच्या एका गावात दुपारी मेळावा होता. ड्रायव्हरनं विचारलं, निघायचं का. ती पुढं बसली, दार ओढून घेतलं, आणि काच खाली करून हमालांना म्हणाली की शाल आणि नारळ मागं टाकू नका, मळतात.